लिटरला हजार देणारी गाडी, घरच्या घरी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी "ॲव्हरेज किती देते?" असं विचारलं की तुम्ही आजवर कंपनीच्या जाहिरातीतला आकडा फेकत आलात. समोरच्यालाही माहीत असतं की तो आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर काढलेला आहे. तिथे ना खड्डा, ना सिग्नल, ना डिकीत मावशींनी गावाहून पाठवलेलं तांदळाचं पोतं. मग तोही त्याच्या गाडीचा तसलाच आकडा सांगतो आणि दोघंही समाधानाने लिफ्टकडे वळता.

किती दिवस असं खोटं बोलणार? लिटरला खरोखर हजार किलोमीटर देणारी गाडी बनवता येते आणि ती बनवणारे बहुतेक वेळा विद्यार्थीच असतात. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या मंडळींनी २००५ साली 'पॅक-कार २' या हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतून, पेट्रोलच्या हिशेबात, लिटरला ५३८५ किलोमीटर काढले. त्यापुढे हजार म्हणजे ग्रेस मार्कांनी पास. नवशिक्यांनी तेवढ्यावरच समाधान मानावं.

साहित्य: कार्बन फायबरचं कापड, रेझिन, गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, पन्नास किलोचा एक माणूस, आणि ज्यांना अजून प्लेसमेंटची भीती कोणी घातलेली नाही अशी अभियांत्रिकीची वीसेक मुलं.

१. गाडीतून गाडी काढून टाका

एसी काढा. स्टेपनी, म्युझिक सिस्टीम, डिकी, मागची सीट आणि पुढची डावी सीट काढा. काचेच्या जागी पातळ पॉलिकार्बोनेट लावा. चारपैकी एक चाकही काढा, तीन पुरतात. आता उरलेल्या भागात बसून बघा. बसता आलं, तर अजून बरंच काढायचं राहिलंय असं समजा. या गाडीत बसत नाहीत, झोपतात.

हा खुळेपणा वाटत असेल तर फोक्सवॅगनचे फर्डिनांड पिएख आठवा. कंपनीचं प्रमुखपद सोडता सोडता, एप्रिल २००२ मध्ये, हे गृहस्थ वोल्फ्सबुर्गहून हॅम्बर्गला भागधारकांच्या सभेला गेले ते कंपनीच्या 'एक लिटर' गाडीतून. वजन २९० किलो, रुंदी सव्वा मीटर, एकाच सिलिंडरचं साडेआठ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. आरसे नाहीत, त्यांच्या जागी कॅमेरे. सोबत कोणाला घ्यायचं तर एकालाच, आणि त्यानेही पाठीमागे बसायचं. १०० किलोमीटरला ०.८९ लिटर, म्हणजे लिटरला ११२ पडले. वाटलं असतं तर कंपनीतली सगळ्यात आरामशीर गाडी त्यांच्या दारात उभी राहिली असती, हे लक्षात घ्या.

याच घराण्यातली 'एक्सएल१' ही गाडी २०१३ मध्ये बाजारातही आली. फक्त २५० नग, किंमत एक लाख अकरा हजार युरो. इंधनाच्या बचतीतून हे पैसे किती वर्षांत वसूल होतील, याचा हिशेब नवशिक्यांनी करू नये. अनुभवी लोकही करत नाहीत.

२. नाकाचं कौतुक थांबवा, शेपटीकडे बघा

नवशिका पहिल्यांदा गाडीचं नाक टोकदार करतो. बिचारा! हवेला नाकाचं फारसं काही वाटत नाही. गोल, बोथट नाकही ती निमूट सहन करते. तिचा खरा राग मागच्या बाजूला. अंगाला चिकटून आलेली हवा शेपटीपाशी पोचते आणि शेपूट एकदम संपलेलं दिसलं की सुटते. भोवरे होतात, तिथला दाब पडतो आणि गाडी मागे खेचली जाते. म्हणून शेपूट लांब ठेवा, हळूहळू निमुळतं करा. बारा-पंधरा अंशांहून जास्त घाईने खाली उतरलात तर हवा तुमचा हात सोडते.

आकड्यांची आवड असेल तर ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या रोधाचा, गुणांक आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करा. आपल्या नेहमीच्या हॅचबॅकचा गुणाकार साधारण ८० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा येतो. पॅक-कारचा १४ सेंटिमीटरच्याही आतच. क्षेत्रफळ कमी करायचं म्हणजे काय, तर गाडी बुटकी आणि अरुंद करायची. खांदे आडवे येत असतील तर ते खांद्यांचं चुकलं.

थेंबाच्या आकाराच्या गाडीला बाजारात काय मान मिळतो, हेही जाता जाता समजून घ्या. एडमुंड रुम्प्लर या विमानं बांधणाऱ्या अभियंत्याने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात अशी गाडी आणली. लोकांनी डोळे फाडून पाहिली आणि दुसरी घेतली. सामान ठेवायला जागा नव्हती, दिसायलाही ती भलतीच होती. शंभरेक बनल्या. काही टॅक्सी झाल्या, काही 'मेट्रोपोलिस' या सिनेमात जाळायला कामी आल्या. १९७९ मध्ये फोक्सवॅगनने एक वाचलेली गाडी विंड टनेलमध्ये तपासली, तर गुणांक निघाला ०.२८! त्या काळच्या नव्याकोऱ्या गाड्यांनी मान खाली घालावी असा. कौतुक झालं ते अठ्ठावन्न वर्षांनी. तुमच्या गाडीचंही होईल, धीर धरा.

३. वारा लॅपटॉपवर सोडा

विंड टनेल तुम्हाला मिळणार नाही. म्हणून संगणकावर हवा सोडायची. हॉस्टेलमधला सगळ्यात महागडा लॅपटॉप ज्याचा असेल त्याला टीमचा 'एरोडायनॅमिक्स हेड' करा. पात्रता नंतर येते. रात्रभर गणित चालेल, लॅपटॉपखाली उशी ठेवू नका, पेटेल. सकाळी निळी-हिरवी-लाल चित्रं मिळतील. ती फार सुंदर असतात आणि प्रायोजकांना दाखवायला तेवढी पुरतात.

गुणांक ०.१४ आला तर मेश, म्हणजे गणितासाठी हवेत टाकलेली जाळी, बारीक करा. ०.१६ झाला तर जुन्या मेशवर परत या आणि अहवालात "अनेक पर्याय तपासून" असं लिहा. ०.१० च्या खाली उतरला की लगेच थांबा. त्यानंतर प्रश्न विचारणं टीमच्या मनोधैर्याला घातक असतं.

खरं काय ते बघायची खुमखुमी असेल तर स्वस्त उपाय आहे. आजीच्या विणकामाच्या पिशवीतून लोकर पळवा, बोटभर तुकडे करून चिकटपट्टीने गाडीभर लावा, मैदानावर गाडी पळवा आणि शेजारून स्कूटरवर बसून व्हिडिओ काढा. धागे अंगाला चिकटून सरळ राहिले, म्हणजे हवा नीट वाहतेय. शेपटीशी ते वेड्यासारखे गरगरायला लागले, तर तो व्हिडिओ लॅपटॉपवाल्याला दाखवू नका. मुलगा हळवा आहे.

४. साचा

या टप्प्यावर झोप, पंचेंद्रियं आणि एखादी मैत्री खर्ची पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी थर्माकोलसारख्या फोमचे ठोकळे जोडून गाडीच्या मापाचा गोळा करा. तो गरम तारेने कापा, वर पुट्टी भरा आणि पॉलिश पेपर घ्या. ८० नंबर. मग १२०, २२०, ४००, ८००, हजार. प्रत्येक नंबरला वाटतं, झालं की आता! मग कोणीतरी ट्यूबलाइट आडवी धरतं आणि तिच्या प्रतिबिंबात जी लाट दिसते ती बघून परत २२० ला यावं लागतं. नाकातून पांढरी भुकटी येते, डब्यातल्या पोळीला पुट्टीचा वास येतो. इतका अट्टहास कशासाठी? अंगालगतचा हवेचा पातळ थर शांतपणे, गडबड न करता वाहत राहिला तर घर्षण खूपच कमी होतं, आणि हा थर इतका तिरसट असतो की पुट्टीच्या एका कंगोऱ्यावरूनही बिथरतो.

मग मेणाचे हात द्या आणि साचा काढा. साच्यातही मेण. त्यात कार्बनचं कापड अंथरा. रेझिनमध्ये हार्डनर मिसळा, पण एका वेळी थोडंच. घाईने मोठा मग भरून ठेवलात तर ते मगातच तापतं, धुरायला लागतं आणि पाच मिनिटांत मगासकट दगड होतं. वर प्लास्टिकची पिशवी बंद करून व्हॅक्युम पंप लावा. आता एक बारीक 'स्सss' ऐकू येईल. पिशवी कुठेतरी गळतेय. पंखे बंद करा, सगळ्यांना गप्प करा आणि कान लावून कडेकडेने रांगत जा. गळती सापडते ती नेहमी तुम्ही सगळ्यात आधी, सगळ्यात काळजीपूर्वक चिकटवलेल्या कोपऱ्यात.

चोवीस तासांनी साचा उघडा. गाडीचं कवच, म्हणजे शेल, एका मुलाला एका हाताने उचलता येतं, सगळ्यांचे डोळे भरून येतात.

आता त्या आरशासारख्या नाकावर प्रायोजकाचं स्टिकर लावा. त्यांना नाकावरच हवं असतं, फोटोत दिसतं म्हणून. स्टिकरची कड अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, पण तुमचा तो तिरसट थर तिथेच बिथरतो आणि मागचं सगळं अंग गडबडीत जातं. स्टिकर मागे लावू का, असं विचारू नका. पॉलिश पेपरचे पैसे त्यांनीच दिले होते.

(वर्कशॉपचं दार साचा करण्याआधी मोजावं, हे सांगायचं राहिलं. असो.)

५. ड्रायव्हर निवडा

ड्रायव्हिंग येणं ही अट नाही. टीममधली सगळ्यात हलकी मुलगी निवडा. ट्रान्समिशनचं सगळं डिझाइन तिनेच केलेलं असेल, तरी यापुढे तिची ओळख वजनाने होईल. तिला तसं वाटू देऊ नका.

शेल या तेलकंपनीच्या इको-मॅरेथॉन या इंधनबचतीच्या स्पर्धेत प्रोटोटाइप गटातल्या ड्रायव्हरचं वजन, हेल्मेट वगैरे धरून, किमान ५० किलो लागतं. कमी भरलं तर तेवढा बोजा गाडीत ठेवावा लागतो. तेव्हा तिला महिनाभर काकडीवर ठेवून ४६ वर आणलंत, तर शेवटी चार किलो शिसं तिच्याशेजारी प्रवास करील. शिशाऐवजी पुरणपोळी हा पर्याय नियमात बसतो.

तिने पाय पुढे करून उताणं पडायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि बुटांच्या टोकांच्या मधून रस्ता बघायचा. हवेला अडथळा नको म्हणून खिडक्या उघडत नाहीत. स्पर्धा मलेशियात किंवा इंडोनेशियात असली तर आतलं तापमान विचारू नका, तीही सांगणार नाही, कारण हेल्मेटमधून आवाज येत नाही. "जमेल ना गं?" असं विचारून तिच्या हातात पाण्याची बाटली द्या. मग बाटली परत काढून घ्या. अर्धा किलो असते ती.

६. बेअरिंग

बेअरिंग घेताना पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानदाराकडून चांगल्यातलं घ्या. मग त्याच्यासमोरच त्याचं सील उचकटून आतलं ग्रीस रॉकेलने धुवायला लागू नका. घरी येऊन धुवा. ग्रीस चिकट असतं, त्याच्या जागी पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. बेअरिंग आठवडाभरात खराब होईल. तुम्हाला ते तासाभरासाठीच हवंय.

टायरमध्ये भरपूर हवा भरा. फार भरली तर आवाज होतो.

७. इंजिन बसवा आणि बंद ठेवा

हिशेब असा आहे. गाडी आणि ड्रायव्हर मिळून शंभर किलो, वेग ताशी ३०. चांगल्या टायरांचा रोध साधारण दीड न्यूटन, हवेचा एक-सव्वा. म्हणजे पाव किलोचं वजन तोलायला लागतं तेवढं बळ आणि वीस-पंचवीस वॅट शक्ती. छताला गरगरणारा जुना पंखा याच्या तिप्पट खातो. आणि तुम्ही आणलेलं ३५ सीसीचं गवतकापणीचं इंजिन हजारेक वॅटचं! एवढ्याशा कामाला सतत जुंपलं तर ते काम कमी करतं आणि पेट्रोल जास्त पितं. म्हणून काही सेकंद दणकून चालवायचं, वेग पकडायचा, खटकन बंद करायचं आणि घरंगळत जायचं. वेग उतरला की पुन्हा. पेट्रोलच्या गाड्यांचे विक्रम असेच होतात: इंजिन जवळजवळ सगळा वेळ बंद ठेवून.

या तंत्राचं पेटंट कोणाकडे असलंच तर ते कात्रजचा घाट उतरणाऱ्या रिक्षावाल्यांकडे असायला हवं होतं. पण घरच्या गाडीत हा प्रयोग करू नका. तिथे इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकदही दोन-तीन दाबांत संपते आणि समोर ट्रक असतो.

फार सावकाश जाऊन पेट्रोल वाचवू म्हणाल तर आयोजक तुमचे बाप आहेत. सरासरी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राखावीच लागते.

८. नियमपुस्तिका

ती गाडी बनवून झाल्यावर वाचायची पद्धत आहे. तेव्हा कळतं की दोन्ही बाजूंना आरसे हवेत, प्रत्येकी निदान २५ चौरस सेंटिमीटर. हॉर्न चार मीटरवरून ८५ डेसिबल ऐकू यायला हवा, म्हणजे गाडीपेक्षा हॉर्न दणकट. ड्रायव्हरला दहा सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. आणि वीस टक्के चढावर ब्रेक दाबला की गाडी जागची हलता कामा नये. तुम्ही ब्रेक लावले आहेत ना?

९. पूजा आणि रवानगी

स्पर्धेला पाठवायला पेटीत भरण्याआधी पूजा होणारच, तेव्हा ती नीट करा. नारळ गाडीपासून दूर फोडा. शेल एका नारळात तडकतं. हळदीकुंकवाची बोटं नाकावर नको, शेपटीवर चालतील. चाकाखाली लिंबू ठेवण्याचा आग्रह करणारे मामा प्रत्येक टीमला असतात. ठेवा. गाडी ढकला. लिंबू फुटत नाही. ड्रायव्हर आत असली तरी एका चाकावर तीसेक किलोच भार, त्यात टायर बारीक. चाक लिंबाला ढुशी देतं आणि थांबतं. जोर लावलात तर लिंबू टुणकन उडून गाडीच्या पोटाखाली अडकतं, कारण पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर आहे. मग वीस अभियंते पोटावर पालथे पडून झाडूच्या काडीने लिंबू काढतात. मामा म्हणतात, "शकुन चांगला आहे."

गाडी तीस-चाळीस किलोची, तिची प्लायवूडची पेटी दुप्पट. पुण्याहून न्हावाशेवा बंदर सव्वाशे किलोमीटर, ट्रक लिटरला चार देणार. जाऊन-येऊन साठेक लिटर डिझेल. तेवढ्या इंधनात तुमच्या गाडीच्या विषुववृत्तावर दीड प्रदक्षिणा झाल्या असत्या. पुढचं जहाज आणि टीमची विमानाची तिकिटं मी मुद्दाम हिशेबात धरलेली नाहीत. नमनाला घडाभर तेल लागायचंच.

१०. स्पर्धेचा दिवस

ही स्पर्धा १९३९ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेलच्या प्रयोगशाळेत पैजेतून सुरू झाली, आणि जिंकणाऱ्याने लिटरला २१ काढले होते. आज एवढा आकडा शेजारचे काका रोज सांगतात. तेव्हा दडपण घेऊ नका.

रांगेत उभे राहा. तपासणीत नापास व्हा, हॉर्न बदला, पुन्हा रांगेत उभे राहा. मग धावा. साधारण बारा किलोमीटर अंतर धरा. लिटरला हजारचा दर्जा असेल तर बारा मिलिलिटर पेट्रोल लागेल, खोकल्याच्या औषधाच्या टोपणात मावेल इतकं. ते काचेच्या बाटलीत भरून मोजतात. उन्हात पेट्रोल फुगतं, म्हणून मोजमाप १५ अंश तापमानाला आणून दुरुस्त करतात. या बारा मिलिलिटरवरून "लिटरला हजार" असा आकडा काढतात. प्रत्यक्षात एक लिटर कोणीच जाळत नाही, हजार किलोमीटरही कोणी जात नाही. जायचं म्हटलंच तर ताशी २५ ने चाळीस तास लागतील, त्या मुलीला उताणं पडून, बाटलीशिवाय. तिला हा गुणाकार सांगू नका.

११. नंतर

पेटी परत आली की गाडी कॉलेजच्या मुख्य इमारतीत काचेच्या कपाटात ठेवा. कॉलेजचा दर्जा तपासणारी समिती येईल तेव्हा गाडीभोवती दोरी लावतात. सत्कारात विश्वस्त विचारतील, "यात माणसं किती बसतात?" "एक" असं सांगा. "सामान?" हसून चहाकडे न्या.

साचा फेकू नका, पुढच्या बॅचला द्या. त्यांना ग्रीस, स्टिकर आणि मामांबद्दल काही सांगू नका, शिकू द्या. तुमची ड्रायव्हर कॅम्पसमधून नोकरीला लागली असेल आणि ट्रान्समिशनचं कामच मिळालं म्हणून खुशीत असेल. तिच्या जागी पन्नास किलोचं कोणीतरी लागेल, तेव्हा जूनपासूनच मेसच्या दारात बसा आणि कोण किती भाकऱ्या घेतं त्यावर नजर ठेवा.